दगडावर झालेलं बोलणं

बारक्या चांगला सहा फूट उंच होता. जुन्या इमारतींच्या मशीन रूममध्ये शिरताना त्याला अर्धं वाकावं लागे, आणि तरी घरीदारी, कामावर सगळे त्याला बारक्याच म्हणत. नाव दादाने ठेवलेलं. दादा सात वर्षांचा असताना हा झाला. मांडीवर दिल्यावर दादा म्हणाला होता, हा फारच बारका आहे, दुसरा मिळेल का? आई ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

बारक्या लिफ्टदुरुस्तीचं काम करी. लग्न राहून गेलं होतं, दोन खोल्यांत एकटा राहायचा. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. काचा तो स्वतः घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि त्याच्या डोळ्यांचा नंबर त्याच्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा मोठा होता, त्यावरून त्याची थट्टा व्हायची. वडील लवकर गेल्यामुळे धाकट्याला वाढवलं ते बरंचसं दादानेच. अभ्यास घेतला, सायकल शिकवली, दोनचार वेळा कानाखाली वाजवली. पण जीव लावून शिकवलं ते दगडावर चढायला.

वसाहत संपते तिथे पाण्याची टाकी होती. टाकीमागे उतार, आणि उतारावर आठदहा मोठाले दगड कुणीतरी फेकून दिल्यासारखे पडलेले. सगळ्यात उंच होता तो दोन पुरुष उंचीचा. असल्या दगडांना दोर लागत नाही, खिळे लागत नाहीत. खाली जाड गादी टाकायची, हाताला चॉकची पांढरी भुकटी चोळायची आणि चढायचं. सुटलो तर गादीवर, आणि गादीच्या बाहेर जाऊ नये म्हणून दुसऱ्याने मागे हात पसरून उभं राहायचं. घरापासून चालत दहा मिनिटं. दगडांची नावं दोघा भावांनी लहानपणीच ठेवली होती. गुडघे दुमडून बसल्यासारखा दिसायचा तो म्हैस. छातीएवढा बुटका, ज्यावर सहज चढून आडवं होता यायचं, ती उशी. आणि एका दगडाला सरळ अशी एकही पकड नव्हती, जिथे हात घालावा तिथून तो निसटायचा, म्हणून तो वकील. वकिलावर दादा आयुष्यात तीनदा चढला होता, बारक्या एकदाही नाही.

थंडी सरते आणि ऊन अजून तापलेलं नसतं, तेव्हाचे सहासात आठवडे दगडांचे. दगडाने पहाटेचा गारवा धरून ठेवलेला असतो, बोटांना घाम सुटत नाही. झाडांना तांबूस पालवी आलेली असते आणि सकाळी नऊसाडेनऊपर्यंत उतारावर सावली असते. लहानपणापासून दोघांचं वर्ष ह्याच दिवसांत सुरू व्हायचं.

मग आई गेली, आणि हे सगळं तुटलं.

तिची फुप्फुसं थकली होती. घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलेलं, त्याला आठ दिवस झाले होते. त्या दुपारी बारक्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या गच्चीवर मशीन रूममध्ये होता. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक म्हातारं जोडपं होतं, आणि म्हातारीला धाप लागली होती. ब्रेक हाताने सोडत लिफ्ट तसूतसूने खाली आणावी लागली. फोन तळमजल्यावर हत्यारांच्या पिशवीत राहिला. दोघांना बाहेर काढून, पाणी पाजून त्याने पिशवी उघडली तेव्हा दादाचे अकरा मिस्ड कॉल होते. तो हॉस्पिटलात पोचला तर आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती आणि यंत्र भिंतीला सरकवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दादाने सही केली, त्यांनी यंत्र काढलं. एवढंच झालं होतं.

कॉरिडॉरमध्ये नातेवाईक उभे होते, शेजारी उभे होते. त्या सगळ्यांसमोर बारक्या दादाला म्हणाला, “तू मारलंस तिला. माझ्यासाठी तासभर थांबला नाहीस.”

दादाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित त्या दिवशीच भांडण होऊन मिटलं असतं. पण तो गप्प राहिला, म्हणून बारक्याही गप्प राहिला, आणि तसंच चार वर्षं चाललं.

वहिनीने पुष्कळ खटपट केली. ती बारक्याला फोन करायची, जेवायला बोलवायची. दादा दुकानात असेल ती वेळ साधून तो घरी जायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा आणि दादा यायच्या आत निघायचा. ती कधी रागावली नाही. ती होतीच तशी. संध्याकाळी दुकान बंद करायला जायची तेव्हासुद्धा शटर पुरतं खाली ओढायची नाही, एखादं गिऱ्हाईक उशिरा आलं तर हिरमुसून जाईल म्हणून.

दगड मात्र दोघांपैकी कुणीच सोडले नाहीत. कुणी कुणाला न सांगता वाटणी झाली. शनिवारी बारक्याची सुट्टी, शनिवार त्याचा. रविवारी दुकान बंद, रविवार दादाचा. आणि दादाची एक खोड होती. त्याला पाय ठेवायच्या बारीक खाचा वरून दिसत नसत, म्हणून चढायच्या आधी तो प्रत्येक खाचेशेजारी चॉकने नखाएवढी रेघ ओढून ठेवायचा. शनिवारी बारक्या गेला की त्या रेघा असायच्या. ह्या रविवारी म्हशीच्या उजव्या अंगाने गेला. ह्या रविवारी वकिलाची नुसती सुरुवात करून बघितली, तीन रेघा, पुढे काही नाही. चार वर्षांत भावाची जेवढी खबर बारक्याला होती ती एवढीच, आणि ती बघितल्याशिवाय तो बूट चढवत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नसतं.

ह्या वर्षी थंडी सरल्यावरच्या पहिल्या शनिवारी तो गेला, तर म्हशीवर डाव्या हाताच्या सगळ्या पकडी पांढऱ्या झाल्या होत्या आणि उजव्या हाताच्या कोऱ्या होत्या. त्याला वाटलं, खांदा धरला असेल. पुढच्या शनिवारी म्हशीवर काहीच नव्हतं. रेघा उशीवर होत्या. उशीवर चढायला दादाला रेघांची काय गरज, हे त्याला कळेना. तिसऱ्या शनिवारी रेघाही नव्हत्या. उशीच्या पायथ्याशी मूठभर चॉक मातीत सांडला होता आणि कुणीतरी तो गोळा करायचा प्रयत्न करून सोडून दिला होता, मातीत बोटांचे ओरखडे होते.

त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो टाकीमागे गेला.

दादा गादीवर बसला होता. पुढे पाय पसरलेले, एका पायात चढायचा बूट, नाडी सुटलेली. तो इतका वाळला होता, की बारक्याला आधी दुसरंच कुणी बसलंय असं वाटलं. दादाने वर बघितलं. चार वर्षांनी भाऊ समोर उभा होता, पण त्याच्या तोंडावर नवल दिसलं नाही.

“आलाच आहेस तर बूट बांध,” तो म्हणाला.

बारक्या खाली बसला आणि त्याने बूट बांधला. मग दुसरा चढवला, तोही बांधला. दादा आपला उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो पार बसला होता आणि तिथे खड्डा पडला होता.

सांगितलं ते दादाने एखाद्या गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तसं सांगितलं. पावसाळ्यानंतर चष्म्याचे स्क्रू हातातून पडायला लागले. इतके बारीक स्क्रू आयुष्यभर बसवले, आता पडतात कसे, म्हणून आधी स्वतःवरच चिडला. मग फ्रेमच पडायला लागल्या. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नसांचा आजार होता, त्याला औषध नव्हतं. एकेक स्नायू वाळत जायचा, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहायचं. उजवा हात गेला होता, डावा चालला होता, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. दीड वर्ष, फार तर दोन. वहिनीने बारक्याला कळवू का म्हणून चारदा विचारलं होतं, दादानेच नको म्हटलं होतं.

बारक्याने विचारलं, कुठला दगड करायचाय. दादा म्हणाला, उशी. मग बारक्या मागे हात पसरून उभा राहिला आणि दादा उशीवर चढला. जिथे पूर्वी तो एका उडीत जाऊन बसायचा तिथे जायला त्याला सात मिनिटं लागली. शेवटी बारक्याने त्याच्या कमरेला खांदा लावला आणि वर ढकललं. दोघांनीही तसं काही झालंच नाही असं दाखवलं.

त्यानंतरचे सगळे रविवार ते बरोबर गेले. बारक्या सकाळी साडेसहाला दादाच्या दारात उभा राहायचा, गादी पाठीला, पाण्याची बाटली हातात. वहिनीला झालेला आनंद बघवत नसे. भाऊ भाऊ बोलायला लागले, आता यांना हुरूप येईल, हुरूप आला की आजार मागे सरेल, असं तिने मनाशी धरलं होतं. खरं म्हणजे भाऊ फारसे बोलत नव्हतेच. चार वर्षांचं जे होतं ते तसंच मध्ये पडून होतं, आणि दोघंही त्याला वळसा घालून जात. दादा वकिलाकडे बघत बसायचा आणि बारक्याला सांगायचा, डावा पाय आणखी वर घे, कंबर भिंतीला चिकटव. बारक्या चढायचा आणि पडायचा. दादाला वाटायचं हा मुद्दाम पडतो. तसं नव्हतं.

दर रविवारी काहीतरी एक कमी झालेलं असायचं. एका रविवारी डाव्या हाताने बाटलीचं झाकण उघडेना. पुढच्या रविवारी वाटेत तो दोनदा ठेचकाळला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, उशीवर चढायचं नाही, नुसतं वर बसव. बारक्याने त्याला काखेत धरून वर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. पालवी आता हिरवी झाली होती. खाली वसाहतीत कुणीतरी मोटरसायकल धूत होतं, पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत आला होता.

दादाची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. तो सावकाश, शब्द तोडून बोलायचा.

“आईच्या वेळचं,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत थांबलात तरी चालेल. मी त्यांना म्हटलं, नको, आत्ताच काढा.”

चार वर्षं बारक्याला वाटत होतं, की थांबणं शक्य नसणार. तो जे ओरडला होता ते दुःखात ओरडला होता, आणि आतून त्याला कुठेतरी खात्री होती की ते खोटं आहे. कधीतरी त्याबद्दल माफी मागायची, असंही त्याने ठरवून ठेवलं होतं.

“का?” त्याने विचारलं.

“मला बघवेना. ते यंत्र तिची छाती वर उचलायचं आणि खाली टाकायचं. आठ दिवस मी ते बघत होतो. तू येऊन जाऊन होतास. तुला फोन लावत होतो, तू उचलत नव्हतास, आणि मला एकदम वाटलं, आणखी तासभर बघितलं तर मला वेड लागेल. तेवढंच कारण. तू म्हणालास ते बरोबरच होतं.”

तो दमला. त्याने थोडा वेळ श्वास घेतला. मग ज्यासाठी हे सगळं काढलं होतं ते बोलला.

“मला त्या यंत्रावर जायचं नाही. पण माणूस घाबरतो, ऐन वेळी कुणीतरी घालेलच नळी. ती घातली, तर तू काढायला लाव. तुझ्या वहिनीच्याने ते होणार नाही, तुला ठाऊक आहे. तू सही कर. आणि कुणासाठी थांबू नकोस.”

बारक्याच्या डोक्यात त्या क्षणी काय काय उसळलं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. ज्या सहीसाठी त्याने ह्या माणसाचं तोंड चार वर्षं बघितलं नव्हतं, तीच सही हा त्याच्याकडे मागत होता. वर, आपण थांबू शकत होतो हे कबूल करून मागत होता. त्याला दादाला धक्का द्यावासा वाटला आणि त्याच वेळी पोटाशी धरावंसं वाटलं. त्याने दोन्हींतलं काही केलं नाही.

“बघू,” तो म्हणाला.

त्यांच्या घरात ‘बघू’चा अर्थ पक्का होता. सहलीला जाऊ का, बघू. नवे बूट घेऊ का, बघू. आई ‘बघू’ म्हणाली की पोरं पुन्हा विचारत नसत. दादानेही पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ऊन आलं, उतरव आता. बारक्याने त्याला उतरवलं आणि घरी पोचवलं.

पुढच्या आठवड्यात बारक्याने ह्या गोष्टीचा फार विचार केला. लिफ्टच्या शाफ्टमध्ये वंगण लावताना, वायररोप तपासताना तो मनातल्या मनात दादाशी भांडायचा. कधी त्याला वाटायचं, हो म्हणून टाकावं, मरणाऱ्या माणसाला एवढं तरी द्यावं. कधी वाटायचं, तू केलंस ते केलंस, आता मला त्यात कशाला ओढतोस. पण डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं होतं. दीड वर्षात काय ते ठरवता येईल, असं म्हणून तो दर वेळी पुढच्या कामाला लागायचा. कागद करून ठेवायला हवा, वकिलाकडे, म्हणजे खऱ्या वकिलाकडे जायला हवं, हेही त्याच्या मनात आलं होतं. त्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी दादाला बाहेर पडवलं नाही, आणि बारक्या घरीच त्याच्या पलंगाशी बसून आला. वहिनी सारखी आतबाहेर करत होती, त्यामुळे बोलणं झालं नाही. बोलणं झालं नाही ह्याचं बारक्याला मनातून बरंच वाटलं.

गुरुवारी दुपारी दादाला जेवताना ठसका लागला. घास श्वासनळीत गेला. खोकून बाहेर टाकायची ताकद छातीत उरली नव्हती. वहिनी एकटीच घरी. तिने पाठीत थापट्या मारल्या, बोटं घालून बघितलं, शेजारी बोलावले, ॲम्ब्युलन्स बोलावली. दादा निळा पडला होता. ॲम्ब्युलन्समधल्या माणसांनी जे करायचं असतं ते केलं, हृदय परत सुरू केलं, घशात नळी घातली. बारक्याला फोन लागला तो पहिल्याच रिंगला. तो धावत आला तेव्हा अतिदक्षता विभागात दादाची छाती वर उचलली जात होती आणि खाली टाकली जात होती.

मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. चार दिवसांनी दादाचे डोळे उघडले, पण ते कशाच्याही मागे फिरत नव्हते. समोर बॅटरी धरली तरी नाही, वहिनी समोर आली तरी नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना एका छोट्या खोलीत बसवलं. बाई वयाने लहान होत्या आणि घाई न करता बोलत होत्या. त्या म्हणाल्या, की ह्यातून ते परत येतील असं त्यांना वाटत नाही. यंत्र चालू ठेवलं तर शरीर काही महिने, कदाचित वर्षसुद्धा राहील. काढलं तर काही मिनिटांत सगळं शांत होईल, त्रास होणार नाही ह्याची काळजी त्या घेतील. निर्णय घरच्यांचा. मग त्यांनी विचारलं, की पेशंटने आधी कधी ह्याबद्दल काही इच्छा बोलून दाखवली होती का, कारण तसं असेल तर ती सगळ्यात महत्त्वाची.

वहिनीने मान हलवली. तिच्याजवळ दादा आजाराचं बोलतच नसे. ती बारक्याकडे वळली. सहा दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

“भाऊजी, तुम्ही दर रविवारी बरोबर असायचात. तुमच्याशी काही बोलले होते का?”

खोलीत एक टेबल होतं, टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. बारक्या त्या डब्याकडे बघत होता. दादाचे शब्द त्याला जसेच्या तसे आठवत होते, कुठे थांबून श्वास घेतला तेसुद्धा. तोंड उघडून ते फक्त सांगायचे होते. सही नंतरची गोष्ट, आधी नुसतं सांगायचं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “असं काही बोलणं झालं नाही.”

“मग राहू दे,” वहिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “ते बोलले नाहीत म्हणजे त्यांच्या मनात नसेल. चालू राहू दे.” बाईंनी बारक्याकडे एकदा बघितलं, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि उठल्या.

दादाला जाऊ देववत नव्हतं म्हणून आपण खोटं बोललो, की दादा आपल्यासाठी थांबला नव्हता त्याचं उट्टं काढलं, हे बारक्याला तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही कळलं नाही. परत वर जाऊन बाईंना गाठावं असं त्याला तळमजल्यावर वाटलं, फाटकात वाटलं, बसमध्ये बसल्यावर वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोडं अवघड झालं होतं. आठवड्याने आणखी अवघड झालं. आता सांगायचं तर तेव्हा का सांगितलं नाही हेही सांगावं लागणार होतं, आणि ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

महिन्याभराने गळ्याला भोक पाडून त्यातून नळी घातली आणि दादाला घरी आणलं. बैठकीची खोली रिकामी करून तिथे वरखाली होणारा पलंग ठेवला. वहिनी सगळं शिकली. नळीतला कफ ओढायला शिकली, पोटातल्या नळीतून पातळ अन्न द्यायला शिकली, दर दोन तासांनी कूस बदलायला शिकली. कूस बदलायला माणूस लागे म्हणून बारक्या कामाच्या आधी आणि कामानंतर यायचा. दुकान तिने भाड्याने दिलं. ती दिवसभर दादाशी बोलायची, पेपर वाचून दाखवायची, शेजारच्या कुणाचं काय झालं ते सांगायची. दादाचे डोळे छताकडे उघडे असायचे. तिथे अश्रू जमले की ती म्हणायची, बघा, कळतंय त्यांना. डॉक्टर म्हणायचे, डोळे कोरडे पडले की पाणी येतंच.

टाकीमागे बारक्या पुन्हा गेला नाही. गादी वहिनीच्या जिन्याखाली उभी करून ठेवली होती.

एकदा तो सांगायला बसला होता. रविवार होता, सकाळचं सगळं आवरलं होतं. वहिनी दादाच्या पायाला तेल चोळत होती. बारक्या म्हणाला, “वहिनी, तुम्हाला एक सांगायचं होतं. दादा एकदा...” तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती, दादाचं एखादं नवं वाक्य ऐकायला मिळेल म्हणून ती इतकी आतुर झाली होती, की तो अडखळला. मग म्हणाला, “दादा एकदा म्हणाला होता, तुम्ही दुकानाचं शटर कधी पुरतं ओढत नाही.”

ती हसली. आई गेल्यापासून त्या घरात असं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. मग ती रडली, आणि मग पुन्हा तेल चोळायला लागली.

उन्हाळ्यात वीज जायला लागली. यंत्राला आतली बॅटरी होती ती तासभर चालायची. एकदा वीज दीड तास आली नाही, तेव्हा वहिनीने शेवटचा अर्धा तास हातातला रबरी फुगा दाबत श्वास दिला. बारक्या आला तेव्हा तिची बोटं वाकडीच राहिली होती, सरळ होत नव्हती. त्याच संध्याकाळी त्याने लिफ्टला लावतात तसली मोठी बॅटरी आणून, चार्जर जोडून, वीज गेली की यंत्र आपोआप बॅटरीवर जाईल अशी सोय करून दिली. काम त्याने फार नेटकं केलं. वायरी भिंतीला पट्टीत बसवल्या, जोड दोनदा तपासले, मेन स्विच बंद करून बघितला. यंत्र एका श्वासालाही अडखळलं नाही. दादाची छाती वर गेली आणि खाली आली. दर रविवारी सकाळी तो येऊन बॅटरीतलं पाणी बघायचा आणि टोकांवरचा गंज ब्रशने काढायचा.

वहिनी दाराशी उभी राहून बघायची. एका रविवारी तिने विचारलं, की ही किती तास पुरेल. तो म्हणाला, आठ तरी.

“आणखी एक बसवता येईल का, भाऊजी? म्हणजे मला झोप लागेल.”

“येईल,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ती आणून बसवली.